दारू सोडू इच्छिणाऱ्यास सोबत कोठे मिळेल?

देवापुढे नारळ ठेवून "आजपासून दारूला शिवणार नाही" अशी शपथ घेण्याचा प्रघात आपल्या समाजात जुना आहे. घरातील वडीलधारी मंडळी त्या गृहस्थास देवळात घेऊन येतात, पुजारीबुवा हातावर तीर्थ देतात, पत्नीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्या क्षणी त्याचा निश्चय सर्वस्वी प्रामाणिक असतो, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पुढे पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने ती शपथ मोडते. मग तो गृहस्थ देवळाची पायरी चढण्यासही लाजतो. जेथे त्याला आधार मिळावयाचा, तेच ठिकाण त्याला पारखे होते. शपथ खोटी होती असे यावरून ठरत नाही. ती एकट्याने घेतलेली असते आणि एकट्यालाच सांभाळावी लागते, हे तिच्या मोडण्याचे मोठे कारण आहे असे आमचे मत आहे. अशा माणसास सोबत कोणती हवी, आणि हजिऱ्यासारख्या ठिकाणी राहून ती कशी शोधावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारूची आसक्ती हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. पिण्याचे प्रमाण ज्याच्या हाती राहत नाही, सकाळी न मिळाल्यास ज्याचे हात कापतात, संसाराची नासाडी डोळ्यांपुढे दिसत असूनही जो थांबू शकत नाही, त्यास हा आजार जडला आहे असे समजावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सुमारे ५ कोटी ७० लाखांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. परंतु दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काय ती कसलीतरी मदत मिळालेली आढळली. उरलेले ३७ जण कोठे आहेत? ते आपल्यातच आहेत. पाळीवर जात आहेत, लग्नकार्यास येत आहेत, आणि त्यांच्या घरची माणसे "यांची प्रकृती बरी नसते" एवढेच सांगत आहेत.

हजिऱ्यास हा प्रश्न अधिक अवघड होतो. तापीच्या मुखाजवळचा हा टापू म्हणजे खत, वायू, पोलाद आणि बंदर यांचा टापू. पोटासाठी येथे सर्व प्रांतांतून माणसे आली. आपली मराठी कुटुंबेही आली. त्यांत खानदेशातून, म्हणजे त्याच तापीच्या वरच्या अंगाहून आलेली पुष्कळ. गावी मामा, चुलते, शेजारीपाजारी यांचा जो धाक असतो आणि जो आधारही असतो, तो येथे नाही. त्यातून वसाहतीत वरच्या मजल्यावर साहेब राहतो आणि समोरच्या घरी हाताखालचा मनुष्य. एकदा बोभाटा झाला की नोकरीवर बेतेल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण कायद्यामुळे उभी राहते. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा गुजरातने दारूबंदी कायम ठेवली आणि ती आजही आहे. येथे परवान्यावाचून पिणे हाच गुन्हा होय. या बंदीने कित्येक घरे वाचली असतील. ते आम्ही नाकारीत नाही. तथापि चोरून मिळणाऱ्या दारूने २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि २०२२ साली बोटाद भागात चाळीसहून अधिक बळी घेतले, हेही खरे आहे. शिवाय जी वस्तू मुळात नाहीच असे सर्वांनी धरून चालावयाचे, तिच्या व्यसनाविषयी बोलावयाचे तरी कोणाजवळ? कुटुंबाला वाटते, डॉक्टरांकडे नेले तर पोलिसांना कळेल. वस्तुतः रोग्याने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ज्या सोबतीच्या गटांविषयी पुढे लिहावयाचे आहे, तेथे तर आडनावही विचारीत नाहीत.

या गटांचा उगम कसा झाला ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातच त्यांचे मर्म आहे. विल्यम विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील मनुष्य. दारूपायी त्याचा धंदा बुडाला होता. यापुढे पिणार नाही अशी वचने त्याने घरच्या बायबलात लिहून, खाली सही करून दिली होती. आपल्याकडील देवापुढच्या शपथेचीच ही गोष्ट, आणि तिची गतही तीच झाली. १९३४ च्या डिसेंबरात रुग्णालयात उपचार घेतल्यावर त्याची दारू थांबली. पुढील काही महिने तो इतर मद्यपींना सुधारण्याच्या मागे लागला. त्यांपैकी एकही सुधारला नाही. मात्र तो स्वतः प्याला नाही!

१९३५ च्या मे महिन्यात कामानिमित्त तो ओहायो प्रांतातील अॅक्रन या गावी गेला. काम फसले. परक्या गावी, रिकाम्या खिशाने, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा होता आणि एका बाजूने मद्यपानगृहातील हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. आपला तोल जाणार हे त्याने ओळखले. तेथे लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्याने दूरध्वनी करावयास आरंभ केला. त्याची मागणी विचित्र होती: मला बोलण्यासाठी दुसरा एखादा मद्यपी हवा आहे. अखेर एका बाईंच्या मध्यस्थीने त्याची डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांपलीकडे बसावयास तयार नव्हते. बोलणे कित्येक तास चालले. विल्सनने उपदेश केला नाही, आपली स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टरांना आजवर पुष्कळांनी उपदेश केला होता, परंतु हा मनुष्य स्वतःच्या अनुभवाने बोलत होता.

पुढचा भाग अनेक जण वगळतात, आम्ही वगळणार नाही. काही आठवड्यांनी डॉक्टर स्मिथ वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी गेले आणि पुन्हा भरपूर प्याले. ते परत आले तेव्हा विल्सनने त्यांना दाराबाहेर काढले नाही, शुश्रूषा केली. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला, आणि हाच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी, या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. संक्षेपाने त्यास ए. ए. म्हणतात. १९५० साली डॉक्टर स्मिथ निवर्तले, तोवर ते पुन्हा प्याले नव्हते. तेव्हा ज्या घरी एकदा शपथ मोडली आहे, त्या घराने हा भाग दोनदा वाचावा.

आपल्या देशात हे कार्य १९५७ साली सुरू झाले आणि मुंबईत त्याने मूळ धरले. भारताचे मध्यवर्ती कार्यालय आजही मुंबईत, भायखळ्याला आहे. मराठी समाजात या विषयाला वाचा फोडण्याचे श्रेय मात्र पुण्याच्या मुक्तांगण संस्थेस द्यावे लागेल. अनिल अवचट यांनी गर्द या मादक द्रव्याविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी एक लाख रुपयांची देणगी पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने केंद्र उघडले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे चालविले आहे. तेथे दाखल होणाऱ्यांत दारूचे रुग्ण पुष्कळ असतात, आणि बरे होऊन गेलेल्यांतील काही जण पुढे तेथेच सेवक म्हणून काम करतात. बाहेर पडलेल्यांसाठी महाराष्ट्रात अनेक गावी पाठपुराव्याच्या बैठका भरतात. ज्यांचे मूळ गाव जवळ आहे आणि सणावारी येणेजाणे आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या गावी अशी बैठक भरते का, याची चौकशी अवश्य करावी.

अशा बैठकीत होते काय? एक साधी खोली, दहापंधरा खुर्च्या, कोपऱ्यात चहा. तास-दीड तास मंडळी बसतात. एकेक जण केवळ पहिले नाव सांगून आपण मद्यपी असल्याचे बोलतो आणि आपला अनुभव कथन करतो. इतर ऐकतात, मधे कोणी बोलत नाही, वाद घालीत नाही. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने नुसते बसावे. हजेरीपट नाही, वर्गणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत इच्छा असेल त्याने चार पैसे टाकावेत. प्रवेशासाठी अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. नव्या माणसास बहुधा एखादा जुना सभासद मार्गदर्शक म्हणून मिळतो. रात्री दहा वाजता, पाळी सुटल्यावर, पाय भलत्या गल्लीकडे वळू लागले की त्या मार्गदर्शकास दूरध्वनी करावयाचा. आजन्म सोडण्याची भाषा तेथे फारशी कोणी करीत नाही. आजचा दिवस पार पडला की पुरे, असे म्हणतात. आपल्या आजन्म शपथांच्या मानाने ही रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

येथे धर्मासंबंधी एक शंका निघते, व ती देवळाच्या पत्रिकेने टाळणे बरे नव्हे. हे ख्रिस्ती लोकांचे मंडळ तर नव्हे? उगम ख्रिस्ती समाजात झाला हे उघड आहे, आणि तेथील बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेखही येतो. परंतु तो ईश्वर ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावयाचा, हे पहिल्यापासून ठरलेले आहे. कोणी विठ्ठल मानील, कोणी अल्ला, कोणी ईश्वर न मानता त्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती समजेल. कोणाचाही धर्म बदलण्याचे तेथे काम नाही. आपल्याकडेही माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, तो केवळ गळ्यातल्या तुळशीच्या मण्यांमुळे काय? त्याच्यासोबत दिंडी असते, एकादशीस भजनाला जमणारी मंडळी असतात, तो आला नाही तर विचारणारे कोणी असते. ज्यास माळेचा मार्ग साधला त्याने तोच धरावा. ज्यास तो पुरला नाही, त्याने या गटात जाण्यास धर्माची आडकाठी मानू नये.

या गटांचा उपयोग होतो काय, हेही पारखून पाहिले गेले आहे. २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. पूर्णपणे दारू सोडून राहण्याच्या बाबतीत ए. ए. कडे पद्धतशीरपणे वळविलेल्यांची स्थिती इतर मान्य मानसोपचार घेतलेल्यांपेक्षा सरस आढळली. अर्थात सर्वांस गुण आला नाही. वर्षाअखेर या मार्गाने गेलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के दारूपासून दूर होते, तर इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे अर्ध्याहून अधिकांची लढाई वर्षानंतरही चालूच होती. आम्ही हे आकडे मुद्दाम देत आहोत. हमखास गुणाची जाहिरात करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. रोज व पुष्कळ पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. गटारी अमावास्येपर्यंत यथेच्छ प्यावयाचे आणि श्रावण लागताच एकदम सोडावयाचे, ही आपल्याकडील रीत अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कित्येकांना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, किडे अंगावर चढल्यासारखे वाटतात. घरची माणसे हे बाहेरचे लागले असे समजून अंगारा लावतात, देवाचा कोप झाला म्हणून नवस बोलतात. हा देवाचा कोप नव्हे. दारूला सवकलेल्या मेंदूची ती अवस्था असते, आणि उपचार न झाल्यास तीत मृत्यूही येतो. अशा वेळी घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे. त्याहून बरे म्हणजे, सोडण्याच्या आधीच डॉक्टरांस भेटावे. औषधांनी हे चार-सहा दिवस पुष्कळ सुसह्य होतात. सुरतेच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे. शरीर सावरले की मग गटाची खरी गरज लागते, कारण औषधाने कंप थांबतो, एकटेपणा थांबत नाही.

याच संदर्भात, न कळत जेवणात मिसळण्याच्या पुड्यांविषयी. पतीच्या भाजीत गुपचूप टाका, दारूचा तिटकारा येईल, अशा जाहिराती रिक्षांच्या पाठीवरही दिसतात. दारूशी न पटणारे डायसल्फिराम नावाचे औषध खरोखरच आहे, व डॉक्टर ते देतातही. परंतु रोग्यास पूर्ण कल्पना देऊन. ते पोटात असताना दारू प्याल्यास रक्तदाब कोसळून प्राण जाण्याचा संभव असतो. नकळत तर ते कदापि देऊ नये.

तर मग शोधावे कोठे? पहिला मार्ग दूरध्वनीचा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची निःशुल्क सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. जवळच्या सरकारमान्य केंद्राची चौकशी तेथे करता येते. मन फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. ए. ए. च्या बैठकांसाठी त्यांच्या भायखळ्याच्या कार्यालयाकडे विचारावे: सुरतेत कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या भाषेत बैठक भरते? वार व जागा बदलत असतात, म्हणून ऐकीव पत्त्यावर जाऊन कुलूप पाहून परतण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. पहिल्याच दिवशी कुलूप दिसले तर मनुष्य दुसऱ्यांदा निघत नाही. हजिऱ्याहून शहर पंचवीसएक किलोमीटर पडते आणि दुसऱ्या पाळीचा मनुष्य संध्याकाळी जाऊ शकत नाही, हेही आम्ही जाणतो. २०२० च्या करोनाकाळापासून अशा बैठका भ्रमणध्वनीवरूनही भरू लागल्या आहेत; पाळीच्या माणसास त्या सोयीच्या. तरी आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन बसावे. समोरासमोर चहा घेताना जे बोलणे निघते ते तेथे निघत नाही.

दूरध्वनी करण्याचे धैर्य बहुधा घरातील बाईस आधी होते. त्या म्हणतात, "माझ्या यजमानांसाठी विचारायचं होतं." पलीकडून बहुधा विचारले जाते, "ताई, त्यांना स्वतःला यावंसं वाटतं का?" या प्रश्नाने खट्टू होऊ नये. मनुष्य स्वतः आल्याशिवाय गट त्याला ओढून नेत नाही. परंतु तोवर त्या ताईंनी हात जोडून बसावे असे नाही. विल्सनची पत्नी लुईस हिने १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' हे वेगळे मंडळ उभे केले, आणि भारतातही त्याचे गट आहेत. मुक्तांगणातही रुग्णांच्या पत्नींसाठी स्वतंत्र गट चालतो. तेथे त्या काय शिकतात? त्याच्या पिण्याचा दोष आपल्याकडे नाही. कामावर "ताप आला आहे" असे खोटे निरोप धाडणे थांबवावे. त्याची उधारी आपले दागिने मोडून फेडू नये. मारहाण झाली तर सहन न करता ताबडतोब बाहेर मदत मागावी. पती अजून पीत असतानाही पत्नीने अशा गटात जावे. कित्येक घरी आधी ती जाऊ लागली, नंतर तो.

निवासी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. नशामुक्तीच्या नावाखाली माणसांना कोंडून मारहाण करणाऱ्या जागा देशात अनेक ठिकाणी उघडकीस आल्या आहेत. डॉक्टर कोण आहेत, नोंदणी आहे काय, घरच्यांना भेटू देतात काय, हे विचारावे. भेटू देत नसतील तर तेथून उठावे. रात्री गाडी पाठवून उचलून नेण्याचे वचन जे देतात, त्यांची पायरी चढू नये.

आणि जवळपास गटच नसला तर? अॅक्रनला सुरुवात दोघांनीच झाली होती. हजिऱ्याच्या वसाहतींत सोडू इच्छिणारे, किंवा पूर्वी सोडून आज सुखाने राहणारे दोघे जण मिळणार नाहीत, हे आम्हांस खरे वाटत नाही. जुन्या सभासदास शहरातून चारदोन वेळा बोलावून रीत समजून घेता येते.

देवळाच्या मंडळाने अशा दोघांसाठी आठवड्यातून एक तास सभागृहाची मागची खोली द्यावी, असे आम्ही सुचवितो. त्यात काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. दारापाशी कार्यकर्ता उभा करू नये. नावे विचारू नयेत, छायाचित्रे काढू नयेत; सोडणाऱ्याचा गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचा मोह तर कटाक्षाने आवरावा. वेळ आरतीची नसावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा टळतील. पहिली पाळी सुटल्यानंतरची एक वेळ ठरवावी, आणि शक्य झाल्यास दुसऱ्या पाळीच्या माणसांसाठी सकाळची. गटास मंडळाचे नाव लावू नये. हे लोक बाहेरची देणगी घेत नाहीत, खोलीचे भाडे आग्रहाने देतात. तेव्हा आपण महिन्यास नाममात्र रक्कम ठरवून ती मुकाट्याने घ्यावी आणि पावतीवर 'सभागृह भाडे' एवढेच लिहावे. चहाची भांडी मंडळाकडे आहेतच.